काटा शून्यावर

उन्हाळ कांद्याच्या दिवसांत देवळ्याच्या किंवा उमराण्याच्या बाजार समितीत लिलावासाठी लागलेल्या गाड्यांच्या रांगेतून जरा वेगळ्या नजरेने फिरावे. कांद्याकडे पाहायला व्यापारी आहेतच. आपण डॅशबोर्डकडे पाहावे. ट्रॅक्टरवरचे तासांचे मीटर बहुधा चालू सापडते. त्याच मालकाची मोटारसायकल तिथेच लिंबाखाली उभी असते आणि तिचा काटा शून्यावर पडलेला असतो. काचेच्या आत पाणी शिरून डायल पिवळी पडलेली, किलोमीटरचा आकडा कुठल्या तरी गेल्या सालात जिथे थांबला तिथेच. माणूस एकच, गाव एकच, धूळही एकच. जुन्या ट्रॅक्टरचे मीटरसुद्धा फिरत्या केबलवरच चालते, तेव्हा यंत्रही फार वेगळे नाही. निष्काळजीपणा हेच कारण असते तर ते दोन्हीकडे दिसायला हवे होते.

फरक हिशोबात आहे. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग तासांवर ठरलेली असते, त्याची बरीच भाड्याची कामे तासांवर जातात, आणि जेसीबीचे तर सगळे बिलच तासांचे. तिथे मीटर बंद पडले की त्याच संध्याकाळी दोन माणसांत वाद होतो. मोटारसायकलच्या किलोमीटरवर कोणाचा वाद होत नाही. कांद्याची पिकअप खेपेवर ठरते, ॲपे रिक्षा सीटवर चालते, मोटारसायकल घरचीच. म्हणून मीटर गेले तरी कोणाच्या खिशाला त्या दिवशी चाट बसत नाही. माझे म्हणणे एवढेच, की जुन्या गाडीचा स्पीडोमीटर वर्षानुवर्षे बंद राहतो तो दुरुस्ती अवघड किंवा महाग असल्यामुळे नाही. त्याच्या आकड्याला विचारणारे कोणी नसते, म्हणून राहतो. आणि ज्या कारणाने तो बंद राहतो, त्याच कारणाने त्याची दुरुस्तीही उलट्या टोकाने होते: दोष खाली चाकापाशी आणि बदलले जाते वरचे मीटर.

चाकापासून वर

हे म्हणणे पटायला यंत्र कसे चालते ते पाहावे लागेल. नव्वदच्या दशकातली शंभर सीसीची मोटारसायकल घ्या. हिरो होंडाची स्प्लेंडर १९९४ मध्ये आली, आणि कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा या कसमादे पट्ट्यात तिच्या जुन्या गाड्या अजून दूध, खत आणि माणसे वाहत आहेत. तिच्या पुढच्या चाकाच्या हबला एक छोटी डबी असते. चाक फिरले की डबीतली गरारी फिरते, गरारी वर्मला, म्हणजे आटे पाडलेल्या छोट्या दांड्याला, फिरवते आणि वर्ममध्ये अडकलेली केबल हँडलपर्यंत फिरत जाते. केबल म्हणजे तारांवर तारा उलटसुलट गुंडाळून केलेला लवचीक दांडा. दोन्ही टोकांना तो चौकोनी ठोकलेला असतो. अठरा इंची रिमच्या त्या चाकाचा एक फेरा म्हणजे पावणेदोन मीटरहून थोडे जास्त अंतर. एका किलोमीटरला चाक साधारण सव्वापाचशे ते साडेपाचशे वेळा फिरते, आणि गरारी-वर्मचे दाते हे फेरे मीटरला हव्या त्या प्रमाणात बदलून वर पाठवतात.

मीटरमध्ये गेल्यावर या एकाच फिरण्याची दोन कामे होतात. एक, दात्यांच्या जोड्यांमधून आकड्यांची चाके पुढे सरकतात. हा किलोमीटरचा आकडा. दुसरे, एक लोहचुंबक गरगर फिरतो आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते. चुंबक वाटीला कुठेही टेकत नाही. तरीही तो फिरला की ॲल्युमिनियममध्ये विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक कमान तिला मागे खेचून धरते. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी वाटी जास्त वळते, आणि वाटीच्या दांड्यावरच काटा बसवलेला असतो. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झेने १९०२ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. पुढे जवळजवळ शतकभर जगातल्या बहुतेक गाड्यांचा वेग याच वाटीने दाखवला. कोइमतूरच्या प्रिकॉल कंपनीने भारतातल्या दुचाकींसाठी बनवलेली केबलची मीटरे उघडली तरी आत हेच तत्त्व दिसते.

या रचनेतली दुरुस्तीच्या दृष्टीने सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे आकडा आणि काटा यांचा स्वभाव वेगळा आहे. आकडा दात्यांवर चालतो. केबलचे फेरे तो एक तर बरोबर मोजतो किंवा थांबतो. मधले काही नाही. काटा मात्र चुंबक, वाटी आणि कमान यांच्या ओढाताणीवर उभा असतो, त्यामुळे तो चुकू शकतो. वर्षांनी चुंबक अशक्त झाला की काटा कमी दाखवतो. कमान सैल झाली की जास्त. उन्हात ॲल्युमिनियम तापले की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो आणि ओढ कमी होते, म्हणून चांगल्या मीटरमध्ये चुंबकाशेजारी निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची एक चकती बसवून ही चूक भरून काढलेली असते. वैशाखात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला ही बारीक चकती किती उपयोगी पडते हे तिच्या मालकाला माहीत असण्याचे कारण नाही, पण मीटर उघडणाऱ्याला माहीत असावे.

दोष कुठे बसतो

गॅरेजवर गाडी येते ती सहसा एकाच वाक्याने: मीटर बंद आहे. नीट काम करणारा फिटर यावर मीटरकडे पाहतच नाही. तो मालकाला विचारतो, काटा बंद की किलोमीटरही? दोन्ही बंद असतील तर मीटर निर्दोष असण्याचीच शक्यता मोठी, कारण वाटी आणि आकड्यांची चाके एकाच वेळी निकामी होणे दुर्मीळ. आकडा पळतो आणि काटा पडून आहे, तर दोष वाटी, कमान किंवा काट्याच्या दांड्यात. काटा हलतो आणि आकडा थांबला, तर आतल्या प्लॅस्टिकच्या गरारीचा दात गेला. दोन्ही चालू आहेत पण दोन्ही एकाच प्रमाणात चुकतात, तर टायर किंवा गरारी बदललेली आहे. काटा नाचतो, ४० आणि ६० च्या मध्ये थरथरतो, तर केबल कोरडी आहे किंवा कुठे तरी मुडपली आहे. ती अडकते, पीळ खाते आणि एकदम सुटते. या दोन-चार प्रश्नांत निम्मे काम होते, आणि पान्याला अजून हात लागलेला नसतो.

पुढची तपासणी बघण्यासारखी असते. गाडी मधल्या स्टँडवर घेतात, कोणी तरी मागे बसून पुढचे चाक उचलून धरतो. मीटरखालचा आट्याचा नट हाताने सोडवून केबलचे वरचे टोक मोकळे करतात आणि चाक फिरवतात. चौकोनी टोक फिरले, तर खालचे सगळे ठीक. नाही फिरले, तर केबल खालूनही सोडवून बाहेर ओढायची. पुष्कळदा ती निम्मीच हातात येते. उरलेली खालच्या बाजूने चिमट्याने काढावी लागते. केबल अख्खी निघाली तर ती बोटांत धरून फिरवतात, मुडपलेल्या जागी ती उडी मारते. टोक चौकोनाचे गोल झाले असेल तर ते वर्ममध्ये नुसते घसरत असते. आणि केबल शाबूत निघाली तर नजर हबच्या डबीकडे जाते.

इथे एका निरपराध दिसणाऱ्या गुन्हेगाराची नोंद केली पाहिजे: पंक्चर. पुढचे चाक काढून परत बसवताना डबीतल्या फिरत्या चकतीचे कान हबच्या खाचेत नीट बसवावे लागतात. घाईत ते न बसवता ॲक्सल आवळला, की कान चेपतात किंवा तुटतात. गाडी चालते, पंक्चर निघालेले असते, काटा मात्र त्या दिवसापासून झोपतो. मालक महिन्याभराने तक्रार करतो तेव्हा मीटर आणि पंक्चर यांचा संबंध कोणाच्या लक्षात राहिलेला नसतो. दुसरे कारण पावसाळ्याचे. शेतरस्त्याचा चिखल आणि धुलाई सेंटरचा जोराचा फवारा यांनी डबीत पाणी जाते, ग्रीस धुऊन निघते आणि वर्मचे दाते एकमेकांना खातात.

केबलला वंगण देणे हे सर्वांत सोपे काम, आणि तेच सर्वांत जास्त वेळा चुकते. केबल फिरताना तिच्या पिळावरून ग्रीस वर चढते. सगळ्या लांबीला भरपूर ग्रीस थापले की काही आठवड्यांत ते मीटरच्या आत पोहोचते, चुंबक आणि वाटीच्या मधल्या बारीक फटीत जाऊन बसते आणि वाटी चुंबकाला चिकटते. मग काटा एकदम शेवटच्या आकड्याला जाऊन टेकतो. म्हणून जाणकार खालच्या दोन तृतीयांश भागालाच हलके ग्रीस देतात आणि वरची वीतभर केबल कोरडी ठेवतात.

मीटर खरोखरच उघडावे लागले तर ते काम नाजूक. पत्र्याची कड चहूबाजूंनी थोडी थोडी उचकटावी लागते. एकाच जागी जोर दिला तर काच तडकते. काटा दोन बाजूंनी सारखा उचलून काढायचा, नाही तर कमान वाकते आणि वाकलेली कमान सरळ करणारे हात फार थोडे. तालुक्याच्या गावात दुचाकीची गॅरेजे खूप, पण असा मीटरवाला सहसा मालेगाव-नाशिकलाच गाठावा लागतो.

तार, प्लग आणि उंदीर

पिकअप आणि नव्या जीपगाड्यांत केबल गेली. गिअरबॉक्सवर एक सेन्सर बसतो, तो चाकाच्या गतीप्रमाणे विजेचे ठोके पाठवतो, मीटर ते मोजून काटा फिरवते आणि किलोमीटरचा आकडा चिपमध्ये लिहिते. दुरुस्तीचा क्रम मात्र बदललेला नाही. आधी खाली वाकून सेन्सरचा प्लग पाहायचा: पाणी, हिरवा गंज, सैल पिन. मग वायरिंग. गाडी हंगाम संपल्यावर चाळीशेजारी महिनोन्‌महिने उभी राहते, आणि कांद्याच्या चाळीला उंदीर काही परके नाहीत. मग जॅकवर चाक फिरवून मल्टिमीटरवर ठोके येतात का ते बघायचे. ठोके मीटरच्या सॉकेटपर्यंत येत असतील तरच मीटर काढायचे. तेव्हाही बऱ्याचदा बोर्डवरचा एखादा कोरडा टाका पुन्हा डाग दिला की भागते.

“गाडी तर पळते”

या सगळ्या खटाटोपावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. वीस वर्षे गाडी चालवणाऱ्याला वेग कळायला काटा लागत नाही. आवाजावरून, वाऱ्यावरून कळतो. हे अर्धे खरे आहे. ओळखीच्या गाडीवर, ओळखीच्या रस्त्यावर, स्थिर वेगात अंदाज बरा लागतो. पण वेगाची जाणीव आधीच्या वेगावर अवलंबून असते, हे वाहतूक-अभ्यासकांनी वारंवार दाखवलेले आहे. बराच वेळ जोरात चालवल्यावर कमी केलेला वेग आहे त्याहून कमी वाटतो. देवळ्याला हे लागू पडते ते भूगोलामुळे. आग्रा महामार्गावरून ८० ने आलेली गाडी सौंदाण्याला वळून देवळ्याच्या रस्त्याला लागते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मालवाहू गाडी आणि दुचाकी यांची कमाल मर्यादा चौपदरी रस्त्यावर ८०, इतर रस्त्यांवर ६०. चालकाला वाटते आपण ५० वर आलो, गाडी ७० वर असते. ताशी ७० म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर. ५० म्हणजे चौदाच्या खाली.

याच रस्त्यावर मेशी फाट्याजवळ २८ जानेवारी २०२० ला एसटी बस आणि रिक्षा धडकून दोन्ही वाहने कडेच्या विहिरीत पडली आणि वीसहून अधिक माणसे गेली. त्या अपघाताचे खापर कोणाच्या मीटरवर फोडण्याचे काही कारण नाही, आणि तसे सुचवणेही बरे नव्हे. मुद्दा रस्त्याच्या जातीचा आहे. शेतातून थेट डांबरावर येणारी वाट, काठावरची विहीर, चैत्रात सप्तशृंगी गडाकडे खानदेशातून पायी निघालेल्या भाविकांचे रात्रीचे जथे, चांदवडकडे जाताना भावडबारीचा घाट. अशा रस्त्यावर वीस किलोमीटरची चूक सोसत नाही.

दुसरा आक्षेप फोनचा: वेग फोनवर दिसतो, मग काट्याची गरज काय? सरळ, मोकळ्या रस्त्यावर उपग्रहावरून मिळणारा वेग जुन्या मीटरपेक्षा जास्त अचूक असतो, हे मान्य करायला हवे. पण फोन गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो एसटीतले किलोमीटरही मोजतो, आणि मुलगा गाडी घेऊन गेला की वडिलांच्या खिशातच राहतो. गाडी किती चालली याचा हिशोब गाडीलाच ठेवावा लागतो.

तिसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. जुने मीटर दुरुस्त करूनही अचूक होत नाही, मग खटाटोप कशाला? पण नव्या गाडीचे मीटरही अचूक नसते, आणि ते मुद्दाम. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवले तर चालेल, आणि किती, तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक चार किलोमीटर इतके. म्हणजे गाडी खरोखर ६० ने असताना काटा ७० वर असला तरी तो पास. जुन्या मीटरकडून मागायचे ते हेच: चूक असू दे, पण ती वरच्या बाजूने असू दे. हे तपासायला यंत्र लागत नाही. सटाण्याच्या रस्त्यावर गर्दी नसताना काटा ६० वर धरायचा आणि मागे बसलेल्याने किलोमीटरच्या लागोपाठच्या दोन दगडांमधला वेळ मोजायचा. ६६ सेकंद लागले तर खरा वेग साडेचोपन्न, मीटर पास. ५५ लागले तर खरा वेग पासष्टच्या वर, आणि हे मीटर बंद मीटरपेक्षा वाईट, कारण ते धीर देते. जीपला मोठे टायर चढवले की नेमके हेच होते: चाकाचा घेर दहा टक्के वाढला तर काटा आणि आकडा दोन्ही जवळपास तेवढेच मागे पडतात.

कायदाही काट्याच्या बाजूने आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७वा नियम स्पीडोमीटर सक्तीचा करतो, आणि ताशी ३० च्या आतल्या वाहनांना त्यातून वगळतो. पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीची नोंदणी नव्याने करायची तर तिला मालेगावच्या परिवहन कार्यालयापुढे उभे राहावे लागते. तेवढ्यापुरती केबल घालून घेणारे आहेतच. केबल चढते, शिक्का बसतो. पुढे तुटली तर पुढच्या खेपेपर्यंत कोणी पाहत नाही.

आकडा कोणाचा

खरे नुकसान किलोमीटरच्या आकड्याचे होते, आणि ते हळू होते म्हणून दिसत नाही. मोटारसायकलचे ऑइल दोन-तीन हजार किलोमीटरला बदलायचे. आकडा बंद असला की ते दसऱ्याला आणि पाडव्याला बदलले जाते. शहरातल्या नोकरदाराला हा कॅलेंडरचा हिशोब चालून जाईल, त्याचे अंतर रोज सारखेच असते. कांदा पिकवणाऱ्या गावात तो चालत नाही. मार्च ते जूनमध्ये गाडी शेत, चाळ, मार्केट, पंप, बियाण्याचे दुकान अशी दिवसभर फिरते आणि पुढे कित्येक आठवडे निवांत असते. ज्या महिन्यांत ऑइल लवकर काळे पडते त्याच महिन्यांत ते बदलायची आठवण होत नाही. मग पिस्टन-रिंगचे काम निघते आणि दोष लोकल ऑइलवर जातो. ॲव्हरेज पडले हेही आकड्याशिवाय कळत नाही. पेट्रोल महागले एवढेच कळते.

तरी मालकाचा व्यवहारी प्रश्न राहतो: अख्खे मीटरच बदलले तर काय बिघडले? लोकल माल मिळतो, अर्ध्या तासात काम होते, काचही चकचकीत. बिघडते ते असे की नवे मीटर शून्यापासून मोजू लागते. ८० हजार चाललेली गाडी दोन वर्षांनी १२ हजारांची म्हणून उभी राहते. पुन्हा अनेक जुन्या दुचाकींवर पूर्ण किलोमीटरचे पाचच आकडे असतात, म्हणजे लाखानंतर मीटर आपोआपही शून्यावर येते. घेणारा मग आकड्यावर विश्वासच ठेवत नाही. तो पायदान, सीट, ब्रेकचे पेडल किती झिजले ते बघतो. आणि घेणारा आकडा बघत नाही म्हणून विकणारा दुरुस्त करत नाही. या चक्रात लबाडी करणाऱ्याचे फावते, प्रामाणिक मालकाला त्याच्या कमी चाललेल्या गाडीचे जादा पैसे कोणी देत नाही.

अमेरिकेच्या कायद्यात याची तजवीज आहे. मीटर दुरुस्त करताना किंवा बदलताना जुना आकडा कायम ठेवता आला नाही, तर तो शून्यावर आणून चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर तशी लेखी सूचना चिकटवावी लागते: आधीचा आकडा किती, बदल कोणत्या तारखेला. ती सूचना काढणेही गुन्हा. आपल्याकडे आकडा फिरवल्याची तक्रार फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमांखाली न्यावी लागते, आणि पंचवीस हजारांच्या मोटारसायकलसाठी कोर्टात कोण जाणार? पण चिठ्ठीला कायदा लागत नाही. गॅरेजच्या बिलावर जुना आकडा, नवा आकडा आणि तारीख लिहून ते बिल आरसी बुकात ठेवले तरी पुरते. सेन्सरच्या गाडीत हे जास्तच गरजेचे, कारण बदललेल्या मीटरच्या चिपमध्ये जुना आकडा भरणारे यंत्र आणि आकडा कमी करणारे यंत्र एकच असते.

फिटरला मात्र एकट्याला दोष देता येणार नाही. चाक उचलून, केबल ओढून, डबी उघडून दोष शोधायला अर्धा-पाऊण तास जातो आणि शेवटी निघते ती चेपलेली चकती किंवा एक केबल. गिऱ्हाईक त्या सामानाचे पैसे देते, शोधण्याचे देत नाही, उलट “एवढ्याशा वायरचे इतके?” म्हणते. अख्खे मीटर बसवले तर सामानाची किंमत मोठी, सुटणारे पैसेही बरे, आणि गिऱ्हाईक काही विचारत नाही. जेसीबीवाला तासाचे पैसे मागतो ते गाव बिनतक्रार देते. फिटरच्या पाऊण तासाला मात्र अजून दर नाही.